निद्रेचा पाठलाग

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते, कोण जागे आहे असे विचारते आणि जागा असेल त्याला धनधान्य देते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे जर खरे असते, तर मी आज पुण्यातला मोठा सावकार असतो. कारण कोजागिरीच काय, अमावास्येलाही मी सताड जागा असे. चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून मी सेवानिवृत्त झालो आणि माझी झोपही जणू त्याच महिन्यात निवृत्त झाली. माझ्या तासाला शेवटच्या बाकावरची मुले बिनघोर झोपत. त्यांची ती कला मला मात्र साधली नाही.

झोप येत नाही असे चारचौघांत म्हणून पाहावे. प्रत्येकाजवळ एक उपाय असतो. आक्काने जायफळ उगाळून दुधातून घ्यायला सांगितले. शेजारच्या काकूंनी काशाची वाटी आणि तूप आणून दिले. ते तळपायांना चोळायचे. तळपाय काळे झाले, चादरी तुपकट झाल्या, आणि मी पहाटे तीनचे ठोके मोजत राहिलो.

मग म्हटले, मूळ ग्रंथच पाहावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशावरचे उपाय दिले आहेत. अभ्यंग, स्नान, दह्याबरोबर साळीचा भात, दूध, अंग दाबून घेणे, मनाला रुचणारे सुगंध आणि आवाज, नीट घातलेले अंथरूण. यादी आमच्या घरातलीच वाटावी अशी. त्यात आणखी एक शब्द आहे: मनःसुख. इथे मात्र मी अडखळलो. ते असते तर ग्रंथ कशाला उघडला असता! जाता जाता सांगतो, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आपण साऱ्या घराला झोपेतून उठवतो, आणि चरक त्याच अभ्यंगाला झोपेचे औषध म्हणतो. फराळ झाल्यावर दुपारी घरोघर जे घोरणे ऐकू येते, त्यावरून चरकाचेच खरे मानावे लागेल.

शेवटी डॉक्टरांनी गोळी दिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेली ती गोळी मी वर्षभर घेत राहिलो, हा दोष माझा. मग ती दिवाळी आली. मुलगी माहेरी आली होती आणि नात स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोपली होती. गोळी घेऊनही डोळा लागेना, म्हणून मी उठून दूध तापत ठेवले असावे. ‘असावे’ म्हणतो, कारण त्यातले अक्षरही मला आठवत नाही. दूध उतू गेले, ज्योत विझली, गॅस सुटत राहिला. त्या वासाने आमच्या सौ. जाग्या झाल्या. त्यांनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, नातीला उचलून गच्चीत नेले आणि मग मला हलवले. मी खुर्चीत बसून घोरत होतो. नातीला वाटले, अभ्यंगाची वेळ झाली, ती डोळे चोळत म्हणाली, “आजोबा, फटाके कुठे आहेत?” सौ. त्या रात्री काहीच बोलल्या नाहीत. सकाळी चहा देताना एवढेच म्हणाल्या, “अहो, रात्रभर वाचत बसा हवे तर. पण ती गोळी आता या घरात नको.”

डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. मी खरोखरच रात्र रात्र वाचत बसलो, आणि ज्या गोळीने एवढा घात होऊ घातला होता तिचे कूळ शोधू लागलो. जन्माची खोड, दुसरे काय!

कूळ मोठे मासलेवाईक निघाले. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली क्लोरल नावाचे द्रव्य तयार केले. त्याने झोप येते हे मात्र १८६९ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. बर्लिनच्या लीब्राइखने असा तर्क केला की, हे पोटात गेले म्हणजे शरीरात त्याचे क्लोरोफॉर्म होईल आणि माणूस झोपेल. तर्क साफ चुकीचा होता, तसे काही होत नाही. पण माणूस झोपला! शास्त्राच्या इतिहासात अशा भाग्यवान चुका पुष्कळ आहेत. रोझेटी हा इंग्रज कवी आणि चित्रकार झोपेसाठी म्हणून क्लोरल घेऊ लागला तो त्याच्या आहारीच गेला, आणि १८८२ साली शरीराने पार खचून वारला.

पुढे १९०३ मध्ये एमिल फिशर आणि फोन मेरिंग यांनी व्हेरोनल पुढे आणले. बार्बिट्युरेट म्हणतात त्या घराण्यातले झोपेचे हे पहिले औषध. झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत या घराण्यात अंतर फार थोडे. तेव्हा निर्धोक औषधाचा शोध पुन्हा सुरू झाला, आणि १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विकायला आले. अगदी निर्धोक, चिठ्ठीवाचून मिळणारे. गरोदर बायकांनीही ते विश्वासाने घेतले. हातापायांत व्यंग असलेली दहा हजारांहून अधिक मुले जन्माला आली, तेव्हा कुठे १९६१ च्या नोव्हेंबरात तिथली विक्री थांबली. अमेरिकेत ते विकायला परवानगी मागितली होती, पण पुरावा अपुरा आहे म्हणून फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी ती रोखून धरली. हे पान वाचून झाले तेव्हा पलीकडच्या खोलीत नात झोपली होती. मी उठून तिचे पांघरूण सारखे करून आलो.

असो. मुचकुंद राजाने देवांकडे झोप मागून घेतली, याचे लहानपणी मला हसू येई. आता येत नाही.

गोळ्यांचा इतिहास असा, तर झोपेवाचून माणसाचे होते तरी काय, हे मला पाहायचे होते. सान डिएगोचा रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा मुलगा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून, १९६३ च्या डिसेंबरात जागा राहिला तो १९६४ च्या जानेवारीपर्यंत: २६४ तास, म्हणजे पुरते अकरा दिवस. निद्रेचे अभ्यासक विल्यम डिमेंट त्याला जागे ठेवायला सोबत होते, आणि शेवटाकडे तो त्यांना पिनबॉलच्या खेळात हरवतही होता. पण शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तेव्हा पासष्टपर्यंत येऊन तो गप्प झाला. आपण काय करत होतो, हेच तो विसरला होता! मग चौदा तासांहून थोडे अधिक झोपून तो ताजातवाना उठला. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे होते. परंतु उतारवयात त्याला निद्रानाशाने गाठले, आणि त्या जागरणाचेच हे फळ, असे त्याने २०१७ साली बोलून दाखवले. एका माणसाच्या सांगण्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मी मुलांना शिकवत आलो. तरी मध्यरात्री ते वाचताना माझी छाती धडधडली.

धीर दिला तो एका इतिहासकारानेच. रॉजर एकर्च हे अमेरिकन प्राध्यापक जुनी रोजनिशी आणि कोर्टाचे कागद चाळत होते. त्यांना जागोजाग ‘पहिली झोप’ असा उल्लेख सापडला. पूर्वीचे युरोपीय लोक दिवेलागणीनंतर लवकर झोपत, मध्यरात्री तासभर उठून प्रार्थना करीत, गप्पा मारीत, आणि मग दुसरी झोप घेत, असे त्यांनी २००१ साली मांडले. मला केवढा आनंद झाला! म्हणजे मी रोगी नव्हे, केवळ जुन्या वळणाचा. आपल्याकडेही पहाटेच्या झोपेला साखरझोप असे वेगळे नाव आहेच की. पण फार खूष होण्यात अर्थ नव्हता. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया या देशांतल्या विजेवाचून राहणाऱ्या समाजांची झोप मोजली, तेव्हा ते बहुतेक एकसलगच झोपतात असे २०१५ साली दिसले. तेव्हा एकर्च यांचे म्हणणे साऱ्या मनुष्यजातीला लावू नये, एवढाच निवाडा मी देतो.

माझा स्वतःचा निकाल लागला तो आणखी दोन अमेरिकनांमुळे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितले की, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका, उठा, आणि डोळे जड झाल्यावरच परत या. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये याहून विलक्षण गोष्ट मांडली: अंथरुणातला वेळच कमी करा. म्हणजे झोप हवी तर आधी जागे राहा! आमच्या डॉक्टरांनी हाच मार्ग धरायला सांगितला. गाडी चालवणाऱ्यांनी किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून तो धरू नये, हे मुद्दाम नोंदवतो.

दोन आठवडे मी वहीत झोपेचा हिशेब लिहिला. साडेआठ तास अंथरुणात आणि त्यांतले पाच-साडेपाच तास झोप. तेव्हा साडेबाराला निजायचे आणि सहाला उठायचे, असे ठरले. मग झोप लागो न लागो. दुपारची वामकुक्षी बंद. पहिले दहा दिवस फार हालाचे गेले. साडेअकराला मी वर्तमानपत्र हातात धरून उभा राहत असे, कारण बसलो की मान कलंडे. आयुष्यात प्रथमच झोप माझ्या मागे लागली होती आणि मी पळत होतो. सौ. समोर बसून फुलवाती करीत आणि मधूनच म्हणत, “अहो, डोळे!” तिसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागू लागली, तेव्हा पंधरा पंधरा मिनिटांनी वेळ वाढवत नेली.

आजही कधी दोनला जाग येते. मी उठतो, बाहेरच्या खुर्चीत बसतो, घड्याळाकडे पाठ करतो.

गेल्या नरकचतुर्दशीला नातीने मला गदगदा हलवले. बंबातले पाणी केव्हाचे तापले होते, उटणे भिजले होते, आणि कारीट फोडायला सारे घर माझ्यासाठी खोळंबले होते.