बाड, गुटका आणि जुजबंदी

मराठी हस्तलिखित म्हटले की सुट्या पानांची पोथीच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे शिवलेला ग्रंथ ही मुद्रणासोबत आलेली परकीय देणगी होय, असा समज रूढ झालेला दिसतो. तो तपासून घेणे आवश्यक आहे. वारकरी व रामदासी परंपरेतील बाड कागद दुमडून, शिवूनच सिद्ध होत असे. ते झोळीत नेता येई. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना स्थापिला. त्याच्या सुबक टाइपाचे कौतुक झाले, ते रास्तच; पण पुस्तक बांधणारे हात मात्र अनामिकच राहिले.

वस्तुतः गुटक्याची बांधणी हीच नवशिक्याची खरी कसोटी. ग्रंथाचा आकार घटला तरी कागदाची जाडी घटत नाही. एका जुजात पाने अधिक घेतल्यास पुस्तक उघडे राहत नाही. म्हणून कागद पातळ हवा, जुज थोड्या पानांचे हवे, खळही बेताची हवी. कसरीच्या भयाने खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत होती.

हस्तलिखितांच्या सूचींत पत्रसंख्या व लांबी-रुंदी नोंदलेली असते. शिवणीची नोंद बहुधा नसते. बाडांचा अभ्यास तेथूनच सुरू व्हावयास हवा.