रणगाड्याच्या चाकावरचं रबर

आमच्या भंडाऱ्यात नागपूर-रायपूर हायवेच्या कडेला टायर रिमोल्डिंगची दुकानं. झिजलेला टायर घासायचा, वर कच्चं रबर चढवायचं, वाफेत शिजवायचं. ट्रक पुन्हा रस्त्यावर. तो शिजत्या रबराचा वास मला अचानक आठवला तो अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात.

१९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय. लोक तोफेच्या नळीखाली सेल्फी काढत होते आणि मी उकिडवा बसून चाकं बघत होतो. रणगाडा म्हणजे नुसतं पोलाद, असं आपल्याला वाटतं. पण ट्रॅकच्या पट्ट्यावरून धावणाऱ्या चाकांना बहुतेक वेळा रबराची जाड कड असते. ती नसेल तर पोलादावर पोलाद आपटतं, चाक आणि ट्रॅक दोन्ही लवकर झिजतात, आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होतात.

१६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता गेले, तो 'फामागुस्ता' याच शहरात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. खेत्रपाल तेव्हा एकवीस वर्षांचे होते. सेंच्युरियनला एका बाजूला चाकांच्या सहा जोड्या, म्हणजे एकूण चोवीस चाकं. वजन पन्नास टनांच्या वर. रबराच्या एकेका कडीवर दोन टनांहून जास्त भार, तोही उभ्या असलेल्या रणगाड्याचा!

या कडीपायी महायुद्धात मोठमोठ्या देशांची झोप उडाली होती. १९४२च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा तुटला. अमेरिकेत गाड्यांच्या टायरवर रेशनिंग आलं. रशियाने त्याच वर्षी अनेक टी-३४ रणगाड्यांना बाहेरून निव्वळ पोलादी चाकं बसवली, थोडंसं रबर आत, हबपाशी. आवाज भयंकर व्हायचा. दोन वर्षांनी जर्मनांच्या टायगरलाही तशीच चाकं आली. नगरच्या संग्रहालयात जपानी रणगाडेही आहेत. रबराच्या मळ्यांवर चालून गेलेल्या त्याच सैन्याचे.

रबर पोलादाला चिकटतं कसं? इथे भंडाऱ्याच्या माणसाची कॉलर ताठ होते, कारण उत्तर आहे पितळ! आमचं गाव पितळी भांड्यांसाठी ओळखलं जायचं. पोलादावर पितळेचा पातळ थर दिला की रबर शिजताना त्यातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी जोडलं जातं आणि पकड बसते. ट्रकच्या रेडियल टायरमधल्या पोलादी तारांवर आजही पितळेचा मुलामा असतो. आता चाकांसाठी खास रसायनंही निघाली आहेत. बाकी कृती ओळखीचीच: जुनं रबर काढा, वाळूच्या माऱ्याने पोलाद लख्ख करा, रसायन लावा, कच्च्या रबराचे थर गुंडाळा, दाबाखाली वाफेत शिजवा, लेथवर गोल करा. पोलादाला बोटाचं तेल लागलं तरी पकड सुटू शकते.

पण जुनं रबर काढायचं का, हा खरा प्रश्न. त्यावर कधी कधी कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ते खरवडलं की रणगाड्याच्या आयुष्याची एक नोंद गेली. उलट तसंच ठेवलं तर हवेने त्याला भेगा पडतात, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी भार सोसून कड खालून चपटी होते. मला वाटतं, रणगाडा चालवायचा असेल तर रबर बदलावंच, फक्त एक जुनं चाक तसंच बाजूला जपावं.

गावी गेल्यावर रिमोल्डवाल्या काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"किती किलोमीटर चालवाचा हाय?"

"चालत नाही काका, उभाच असतो."

"मंग नवं रबर कायले? खालून ठोकळे लाव अन् चाकं उचलून ठेव."