‘प्रशिक्षित’ ह्या एका विशेषणाचा इतिहास : अमेरिकेतील फोर्कलिफ्टचालकांचे प्रमाणीकरण

मिशिगन राज्यातील ब्यूकॅनन येथे क्लार्क कंपनीच्या कारखान्यात १९१७ साली वाळू व ओतीव भाग वाहून नेण्याकरिता एक मोटारगाडी तयार करण्यात आली. ती विकण्याचा हेतू नव्हता. कारखाना पाहावयास आलेल्यांनी मागणी केली म्हणून ती बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात लाकडी फळ्यांच्या तळावर रचलेला माल उचलण्याची पद्धत रूढ झाली आणि फोर्कलिफ्ट गोदामोगोदामी पोहोचली. यंत्र अशा रीतीने स्थिरावले. ते चालविणाऱ्याची पात्रता कोणी ठरवावी, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

१९७० च्या कामगार-सुरक्षा कायद्याने प्रचलित औद्योगिक मानके स्वीकारण्याचा अधिकार शासनास दिला. त्यानुसार १९७१ मध्ये, १९६९ च्या एका मानकावरून, ह्या गाड्यांविषयीचा नियम आला. चालकांच्या शिक्षणाविषयी त्यात अवघी दोन विधाने होती : गाडी केवळ प्रशिक्षित चालकांसच चालवू द्यावी, आणि शिक्षणाच्या पद्धती आखल्या जाव्यात. दोन्ही विधाने कर्मणि आहेत. पद्धती कोणी आखावयाच्या? ‘प्रशिक्षित’ कोणास म्हणावयाचे? वाक्यात कर्ताच नसल्यामुळे जबाबदारीलाही धनी उरला नाही. ही केवळ व्याकरणाची बाब नव्हे.

ह्या मोघमपणाची किंमत समजण्यासाठी यंत्राची घडण पाहिली पाहिजे. गाडीस बहुधा चार चाके असली, तरी तिचा तोल त्रिकोणावर असतो : पुढील दोन चाके आणि मागील आसाचा मध्यबिंदू. भार उंच नेला की गुरुत्वमध्य वर सरकतो. वळणावर वा उतारावर तो त्रिकोणाबाहेर गेला की गाडी कलंडते. वळण्याचे काम सामान्यतः मागील चाके करतात, म्हणून मोटार हाकण्याची सवय येथे दिशाभूल करते. बसून चालविण्याच्या गाडीत, ती कलंडत असता, उडी घेण्याची ऊर्मी स्वाभाविक होय. परंतु उडी घेणारा बहुधा डोक्यावरील लोखंडी छताखालीच चिरडला जातो. आसनास घट्ट धरून राहणे हे अंतःप्रेरणेविरुद्धचे ज्ञान आहे, आणि ते शिकवावेच लागते.

१९८८ मध्ये ह्या गाड्यांच्या उत्पादकांच्या संघटनेनेच नियम सुधारण्याची विनंती केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९९५ मध्ये मसुदा निघाला आणि १ डिसेंबर १९९८ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध झाला. त्यात कर्ता प्रकट झाला : प्रत्येक चालक सक्षम आहे ह्याची खात्री मालकाने करून घ्यावी. पाठ, प्रात्यक्षिक आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी मूल्यमापन अशी तीन अंगे ठरली. मोटार व फोर्कलिफ्ट ह्यांतील भेद हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. दर तीन वर्षांनी निदान एकदा मूल्यमापन आवश्यक ठरले. अपघात घडल्यास वा थोडक्यात टळल्यास उजळणीही.

प्रमाणपत्रात मात्र चारच नोंदी आवश्यक आहेत : चालकाचे नाव, शिक्षणाची तारीख, मूल्यमापनाची तारीख आणि शिकविणाऱ्याची वा तपासणाऱ्याची ओळख. लोक त्यास ‘लायसन्स’ म्हणतात. वस्तुतः संघराज्याच्या ह्या नियमात परवाना देणारा शासकीय परीक्षक कोठेही नाही. ज्या मालकास माल लवकर हलवावयाचा आहे, तोच चालकाच्या सक्षमतेचा साक्षीदार होतो, ही नियमातील दुखरी जागा म्हणावी लागेल. शिवाय नोकरी बदलताच जुन्या कागदाचे बळ सरते. पूर्वीचे शिक्षण ग्राह्य धरता येते, परंतु तो चालक ह्या गाडीवर, ह्या जागी सक्षम आहे की नाही, हे नव्या मालकास पुन्हा तपासावे लागते.