दम : बादशहाचा, हाकाऱ्याचा आणि माझा

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, जिना चढताना दम लागतो का?" लागत होता. चाळिशी कधीच उलटली आहे, आणि काम खुर्चीत बसून वह्या तपासण्याचं. तेव्हापासून फजरची नमाज झाली की पवई तलावाच्या काठानं चालतो आणि परतताना आमच्या वस्तीचा चढ मुद्दाम दोनदा चढतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक दाजीपूरच्या जंगलात जाणार आहोत. तिथे मागे राहून इतरांना ताटकळत ठेवायचं नाही, एवढाच निश्चय आहे.

त्याच दिवसांत वर्गात शिकारीचं एक मोगल चित्र दाखवत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, बादशहा एवढा डोंगर चढायचा कसा?" मुलं हसली. मला मात्र उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे आधी शब्दाकडे वळतो. 'दम' म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतून आला आणि मराठीनं त्याचा मोठा संसार मांडला. दम लागणे, दम धरणे, दम खाणे, दमछाक, आणि 'दमा'सुद्धा. 'शिकार' हा शब्दही फारसीच. पण रान उठवून जनावर पुढे काढण्याला आपण म्हणतो 'हाका', आणि तो घालणारा तो हाकारा. बंदूकवाल्याचं नाव बाहेरून आलं, धावणाऱ्याचं नाव इथल्या मातीतलं राहिलं.

मध्य आशियातल्या लोकांसाठी शिकार ही करमणूक होती, तशीच ती लष्करी कवायतही होती. चंगेझखानाच्या मोंगल फौजा हिवाळ्यात मोठं कडं करून जनावरं आत रेटत. त्यात घोडेस्वाराची मांड पक्की होई, थंडी आणि भूक सोसण्याची सवय लागे, रांग न मोडण्याची शिस्त अंगी येई. जुवैनी या इतिहासकारानं त्या शिकारीचं वर्णन युद्धाची तालीम म्हणूनच केलं आहे. हीच पद्धत पुढे 'कमरगाह' या नावानं हिंदुस्थानात आली. अकबरानं १५६७ मध्ये लाहोरजवळ असं प्रचंड कडं घालायला लावलं होतं, त्यासाठी हजारो माणसं राबली होती.

सुरुवातीच्या मोगलांचं शरीरही तसंच कसलेलं होतं. बाबरनं आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे की त्यानं गंगा पोहून पार केली आणि हात मोजले, तर ते ३३ भरले.

त्याचा पणतू जहांगीर. शिकारीचा शौक त्यालाही जबर होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समोर २८,५३२ जनावरं मारली गेली आणि त्यातली १७,१६७ आपण स्वतः मारली, असा हिशोब त्यानं लिहून ठेवला आहे. त्याच आत्मचरित्रात दुसराही एक प्रामाणिक कबुलीजबाब आहे. शहजादा असताना तो दिवसरात्रीत दारूचे वीस प्याले रिचवत असे. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याला धरावा लागे. हकीम हुमामनं बजावलं, असंच चाललं तर सहा महिन्यांनी इलाज उरणार नाही. जहांगीरनं ऐकलं, दारू हळूहळू कमी केली, पण सोडली नाही. उतारवयात दम्यानं गाठलं. मोकळ्या श्वासासाठी तो काश्मीर गाठू लागला.

१६२७ मध्ये काश्मीरहून परतताना बैरामकल्ला इथे मुक्काम पडला. ही जागा डोंगरातल्या शिकारीची. बादशहात आता कडा चढण्याचं बळ नव्हतं. म्हणून तो खाली बंदूक घेऊन बसला आणि आसपासची माणसं वरून हरणं हाकत आणू लागली. गोळी लागलेलं जनावर कड्यावरून खाली कोसळे. एका प्याद्यानं हाकलेलं हरीण कड्याच्या टोकाशी अडलं. ते नीट दिसेना, म्हणून तो पुढे सरकला. पाय घसरला, त्यानं एक झुडूप पकडलं, ते मुळासकट निघालं आणि तो दरीत पडून ठार झाला.

ही हकिगत मुतमदखानाच्या 'इक्बालनामा-ए-जहांगिरी'त आहे. बादशहा हादरला. त्यानं त्या प्याद्याच्या आईला बोलावून पैसे दिले, पण त्याचं चित्त थाऱ्यावर येईना. जणू मलकुल-मौतच त्या रूपात दिसला, असं इतिहासकार म्हणतो. थोड्याच दिवसांत जहांगीर वाटेतच वारला.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं की शेवटी बादशहा डोंगर चढतच नव्हता. दम प्याद्याचा होता, आणि नोंद बादशहाची.

आपल्या महाराष्ट्रातही राजांच्या शिकारी होत्या. आम्ही जिथे जाणार ते दाजीपूर कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान. राजर्षी शाहू महाराज शिकारीचे शौकीन होते, पण त्यांचं शरीर तालमीतल्या लाल मातीत घडलं होतं. १९१२ मध्ये त्यांनी खासबागचं कुस्ती मैदान उभारलं. जात आणि धर्म न पाहता मल्लांना त्यांनी आश्रय दिला. फासेपारध्यांना समाज चोर समजत होता, पण त्यांचे पाय आणि नजर काय कामाची आहे हे ओळखून महाराजांनी त्यांना नोकऱ्या दिल्या. रानात कोणाच्या दमावर आपलं चालतं, याची जाण असलेला हा राजा होता. तेच दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा जमाना संपवला.

आपल्या मुंबईच्या सलीम अलींचा प्रवासही याच वळणाचा. लहानपणी हातात छर्ऱ्याची बंदूक, मनात मोठा शिकारी होण्याचं स्वप्न, आणि डोकेदुखीमुळे शाळा वारंवार सुटलेली. पुढे तेच पाय पक्ष्यांमागे फिरले. १९४५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते कैलास-मानसरोवरापर्यंत पोचले.

आता घरची गोष्ट. माझे अब्बा चांदिवलीच्या दगडखाणीत कामाला होते. पवईचे डोंगर फोडून जी खडी निघाली, तिच्यात त्यांचाही घाम आहे. तरुणपणी डोक्यावर टोपलं घेऊन ते चढ असे चढत की मी मागे धावत राही. शेवटच्या वर्षांत घरापासून मशिदीपर्यंत जाताना तीनदा थांबत. धूळ छातीत बसली होती. डोंगर कमी झाला, तसा त्यांचा दमही कमी झाला. आज त्या खडीवर काय काय उभं आहे ते सगळे बघतात, पण अब्बांचं नाव कुठेच नाही. असायला हवं, असं त्यांनीही कधी म्हटलं नाही.

त्या प्याद्याच्या आईला मिळालेल्या पैशांबद्दल वाचलं, तेव्हा मला माझी दादी आठवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बैरामकल्ल्याची हकिगत सांगितली. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सर, त्याचं नाव काय होतं?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

तिनं वहीत एक ओळ रिकामी सोडली. मी ती वही तपासली आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारली नाही.

उद्या पुन्हा चढ चढायचा आहे, दोनदा. अब्बा जिथे थांबायचे, तिथे मीही क्षणभर थांबतो. आता मात्र दम लागला म्हणून नाही.