सुताराची पेटी आणि तिची चाके

आपल्या घरांतून पवित्र कुटुंबाची जी तसबीर टांगलेली असते, तिच्यात संत योसेफ बहुधा कामाच्या मेजापाशी उभा असतो. हाती रंधा, पायाशी ढलप्या, बाजूला बाल येशू. चित्रकारांनी ही मांडणी फार पूर्वीच ठरवून टाकली. पंधराव्या शतकात रोबेर काम्पँच्या चित्रशाळेत तयार झालेले एक तीन फळ्यांचे वेदीचित्र आज न्यू यॉर्कच्या क्लॉयस्टर्स संग्रहालयात आहे. त्यात योसेफ आपल्या दुकानात बसून लाकडाला भोके पाडतो आहे. पुढे १६४२ च्या सुमारास जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराने बाल येशूच्या हातातील मेणबत्तीच्या उजेडात वाकून गिरमिट फिरवणारा योसेफ रंगवला. दोन्ही ठिकाणी सुतार घरातच आहे.

शुभवर्तमानात मात्र योसेफ व येशू यांच्या व्यवसायासाठी 'तेक्तोन' असा ग्रीक शब्द आहे. लाकूडकाम करणारा व बांधकामावर राबणारा, असा त्याचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. नाझरेथसारख्या चिमुकल्या गावात अशा माणसाला बारमाही काम मिळणे कठीण. तेथून सुमारे सहा किलोमीटरवरील सेफोरिस हे नगर हेरोद अंतिपाने त्या काळात पुन्हा उभारले. योसेफ तेथे कामाला जात असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्याला पुरावा नाही. पण तर्क खरा धरला, तर एक साधा प्रश्न उरतो. हा मनुष्य आपली हत्यारे नेत कशी असेल? काम जेथे असेल तेथे सुताराला जावे लागते, आणि हत्यारांवाचून तो केवळ मजूर ठरतो. त्यामुळे हत्यारे वाहून नेण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याच्या स्वातंत्र्याचाही इतिहास आहे.

१९३६ साली स्वीडनच्या गोटलंड बेटावर, पाणी काढून लागवडीखाली आणलेल्या मेस्टरमीर नावाच्या दलदलीत एक शेतकरी नांगरणी करीत होता. नांगर एका ओक लाकडाच्या पेटीला अडला. पेटी सुमारे ९० सेंटीमीटर लांब, तिच्याभोवती लोखंडी साखळी. पेटीतल्या व आसपास सापडलेल्या वस्तूंची संख्या दोनशेच्या वर गेली. कुऱ्हाडी, वाकस, करवती, गिरमिटे, कानशी, हातोडे, सांडशी आणि कुलपेही. काळ इसवी सनाच्या १००० च्या आसपासचा, म्हणजे व्हायकिंग युगाचा. लोहारकाम व सुतारकाम अशी दोन्ही कामे जाणणाऱ्या एका फिरत्या कारागिराचे ते सारे भांडवल होते. पाण्यावरून जाताना होडी उलटली असावी, किंवा हिवाळ्यात बर्फावरून नेताना घसरगाडी खचली असावी, असे मानले जाते. मालक वाचला की नाही, हे पेटी सांगत नाही. वाचला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाच्या तरी दारात रिकाम्या हाताने उभा राहिला असेल.

दुसरी बुडालेली पेटी इंग्लंडची. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धजहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. जहाजावर सुताराची स्वतंत्र खोली होती आणि तीत पेट्या होत्या. लोखंडी पाती समुद्राने खाऊन टाकली होती. रंध्यांची लाकडी अंगे, मोगऱ्या, मोजपट्ट्या, हत्यारांच्या मुठी तेवढ्या राहिल्या. खोलीच्या सरकत्या दारापाशी एका लहान कुत्र्याचा सांगाडाही मिळाला. जहाज हे एका दृष्टीने सुताराचे पहिले मोठे वाहनच म्हणावे लागेल. येथे मात्र ज्या वस्तूची दुरुस्ती करायची, तीच वस्तू त्याला वाहून नेत होती.

पेटी लावण्याची कला अठराव्या शतकात इंग्लंडात पूर्णत्वास गेली. चॅटम येथील जोसेफ सीटन या कारागिराने १७९६ मध्ये आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या ख्रिस्तोफर गेब्रिएल यांच्या दुकानातून हत्यारांचा संपूर्ण संच विकत घेतला. मुलाने पुढच्या वर्षी त्या संचासाठी स्वतः पेटी बनवली. पित्याचे नाव जोसेफ असावे, हा योगायोग आपल्या वाचकांना गमतीचा वाटेल. हत्यारांची यादीही टिकून आहे, आणि हत्यारे फारशी वापरलेली नाहीत. रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात ती पेटी पाहावयास मिळते. अशा इंग्रजी पेट्यांची रचना ठरीव असे. जड रंधे तळाशी, करवतींना स्वतंत्र खाच, आणि वर मागेपुढे सरकणारे कप्पे. त्यांत पटाश्या, गिरमिटे, गुण्या. ज्याची गरज वारंवार, ते वर; जे जड, ते खाली. बाहेरून पेटी अगदी साधी, काळपट रंगाची. सारी नक्षी झाकणाच्या आत. ही लीनता होती की चोरांची भीती, कोण जाणे!

एवढी पेटी एकट्याने उचलणे शक्य नसे. काम बदलले की ती हातगाडीवरून किंवा घोड्याच्या गाडीतून नव्या जागी जाई. रोजच्या किरकोळ कामाला लव्हाळ्याची विणलेली पिशवी खांद्यावर पुरे. पण हत्यारे मालकाने द्यावयाची नाहीत, सुतारानेच आणायची, हा तेथील रिवाज होता. त्याची किंमत पुष्कळ मोठी होती. बांधकामाच्या जागी रात्री आग लागली, तर मालकाची इमारत जाई आणि सुताराची उपजीविका जाई. म्हणूनच, कामाचे तास नऊ करावेत यासाठी लंडनच्या बांधकाम कामगारांनी १८५९-६० मध्ये दिलेल्या झुंजीनंतर १८६० साली सुतारांची जी एकत्रित संघटना स्थापन झाली, तिने आजारपण व बेकारी यांच्या बरोबरीने हत्यारे गमावल्याबद्दलही भरपाई देण्याची सोय केली. आणखी एक नियम मला फार बोलका वाटतो. काम संपवून सुताराला निरोप देताना त्याला हत्यारांना धार लावण्यापुरता वेळ द्यावा, असे पुष्कळ ठिकाणच्या कामाच्या नियमांत असे. बोथट पटाशी घेऊन नव्या मालकाकडे जाण्याची पाळी कुणावर येऊ नये, एवढी जाण त्यात होती.

विजेने हे गणित बदलले. १८९५ मध्ये जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात विजेवर चालणारे हातातले गिरमिट तयार झाले, १९२० च्या दशकात अमेरिकेत हाताने चालवायची गोल करवत आली, १९६१ मध्ये बॅटरीवरचे गिरमिट आले. शिवाय १९२८ पासून अमेरिकेत प्लायवूडचा चार फूट बाय आठ फूट हा आकार रूढ झाला. आपले सुतार ज्याला 'आठ बाय चार' म्हणतात, तोच हा तक्ता. तो खांद्यावरून नेता येत नाही, पिशवीत तर नाहीच. पेटीला चाके लावणे आता भाग होते.

फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये एक टन वजनासाठी जो सांगाडा विकायला काढला, त्यावर वरची बांधणी नसे. ती गिऱ्हाइकाने अन्यत्र करवून घ्यायची. अर्थात लाकूड आणि सुतार यांचेच ते काम! १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच तयार झालेली पहिली पिकअप २८१ डॉलरना बाजारात आली. तिच्या हौद्याच्या काठाला खुंट्या बसवण्याची भोके होती. त्यांत उभ्या पट्ट्या ठोकून बाजू उंच करता येत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२ साली फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी तिला हवी होती. लुईस बँट या तरुण आरेखकाने ती घडवली व १९३४ मध्ये ती विक्रीस आली. त्या देशात सुतार, नळकारागीर आजही तिच्याच वंशातल्या गाड्या वापरतात. बँट यांचा १९८७ मध्ये तशीच एक जुनी गाडी चालवताना अपघाती मृत्यू झाला.

मला सर्वांत सुज्ञ वाटते ती जर्मन रचना. बेन पोन या डच विक्रेत्याने १९४७ मध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्यात सुटे भाग वाहणारी एक सपाट गाडी पाहिली आणि वहीत बंद गाडीचे रेखाटन केले. १९५० मध्ये ती गाडी आली. वजन ७५० किलो पेले. दोन वर्षांनी तिचाच सपाट फळीचा प्रकार निघाला. इंजिन मागे असल्याने फळी उंचावर होती, आणि त्या फळीखालच्या रिकाम्या जागेला कंपनीने कुलपाचे दार बसवले. वर तुळया आणि फळ्या, खाली कुलपात हत्यारे. सीटनच्या पेटीतला क्रम येथे उलटलेला दिसेल. पण जड यंत्रे तळाशी ठेवण्याचा नियम मोडलेला नाही.

गाडी लावणे म्हणजे आत फळ्या ठोकणे, एवढेच नव्हे. सर्व भार मागच्या चाकांच्याही मागे गेला, तर पुढची चाके हलकी होतात व गाडी वळणावर ऐकत नाही. म्हणून यंत्रे चालकाच्या पाठीमागे, दोन आसांच्या मधोमध आणि तळाला. चालक व सामान यांमध्ये भक्कम आडभिंत हवी, कारण अचानक ब्रेक लागला की सुटी पटाशी बाणासारखी येते. खिळे-स्क्रू लहान कप्प्यांत आणि कप्पे बाहेर न घसरतील असे. तक्ते एका बाजूला उभे बांधलेले. रोजची पेटी मागच्या दाराशी, पाऊस असला तरी हात घालून काढता येईल अशी. लांब पट्ट्या आणि शिडी टपावर.

आपल्याकडे ही गाडी 'टेम्पो' नावाने आली. हा शब्द आपण इतका आपला केला आहे, की तो हँबर्गच्या विडाल कारखान्याच्या गाड्यांचे नाव आहे, याची आठवण कुणाला राहत नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या कारखान्याच्या धर्तीची तीनचाकी येथे बनवली आणि पुढे कोणतीही लहान मालगाडी टेम्पोच ठरली. २००५ साली टाटांची 'एस' आली; लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. तिचेही वजन पेलण्याचे माप सुमारे ७५० किलो. आपला सुतार मात्र बहुधा अशा गाडीचा मालक नसतो. माल आणण्यापुरती तो ती भाड्याने घेतो, आणि स्वतः पेटी स्कूटरवर किंवा लोकलच्या डब्यात घेऊन जातो.

आणि ज्याच्या मालकीची गाडी आहे, तोही पेटीतून सुटलेला नाही. इंग्लंडात कारागिरांच्या गाड्यांच्या मागच्या दारावर एक पट्टी सर्रास चिकटवलेली असते : रात्री या वाहनात हत्यारे ठेवली जात नाहीत. काही जण मोठ्या खटपटीने लावलेली गाडी रोज संध्याकाळी रिकामी करतात, पेट्या एकेक करून जिन्यावरून घरात नेतात आणि सकाळी पुन्हा त्याच क्रमाने आत बसवतात.