स्वयंपाकघर आणि पंचमंडळ : एक रहस्यनाट्य, त्याचे कथारूप आणि ताराबाई शिंदे यांची ‘तुलना’

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सुसान ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची ‘ट्रायफल्स’ ही रहस्यप्रधान एकांकिका आणि तिचेच ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ हे कथारूप यांची तुलना करावयास सांगितली, तर तो बहुधा एकच उत्तर देतो : दोहोंत पुरुषांना पुरावा दिसत नाही, स्त्रियांना दिसतो. हे उत्तर चूक नाही. पण ते येथेच थांबले तर एकाच लेखिकेने एकच कथानक वर्षाच्या आत दोनदा का लिहिले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वऱ्हाडातील एका ग्रंथाच्या सान्निध्यात करावयाचा आहे. तो ग्रंथ म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा, १८८२ साली पुण्यात छापलेला ‘स्त्री-पुरुष-तुलना’ हा निबंध होय. ग्लास्पेलच्या कानी ताराबाईंचे नाव गेले असण्याचा संभव नाही. तेव्हा प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. दोघींच्या लेखणीला चालना मिळाली ती मात्र एकाच प्रकारच्या घटनेने. हत्येच्या आरोपाखाली न्यायालयात उभी केलेली एक स्त्री हे दोघींचे निमित्त आहे.

ग्लास्पेलचे निमित्त असे. १९०० सालच्या डिसेंबरात आयोवा संस्थानात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. शेजारी निजलेल्या पत्नीने आपणास एका आवाजाने जाग आली असे सांगितले. तिच्यावरच खटला भरण्यात आला. ग्लास्पेल त्या वेळी डेमॉइन येथील एका दैनिकाची तरुण बातमीदार होती. तिची पहिली वार्तापत्रे आरोपीविषयी कठोर आहेत. हॉसॅकचे घर पाहून आल्यानंतर त्यांचा सूर पालटला, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. १९०१ मध्ये मार्गारेट हॉसॅकला दोषी ठरविण्यात आले, पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि १९०३ च्या फेरसुनावणीत पंचांचे एकमत न झाल्याने ती सुटली. खून कोणी केला हे कायद्याला अखेरपर्यंत ठरविता आले नाही. या गोष्टीवर ग्लास्पेलने १९१६ साली नाटक लिहिले. ऑगस्टमध्ये प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरील रंगभूमीवर ते प्रथम झाले आणि त्यात मिसेस हेलची भूमिका तिने स्वतःच केली. १९१७ च्या मार्चमध्ये त्याची कथा प्रसिद्ध झाली.

नाटकाची सारी शक्ती त्याच्या जागेत आहे. पडदा उघडतो तो खून झालेल्या राइटच्या स्वयंपाकघरात, आणि अखेरपर्यंत स्थळ बदलत नाही. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल वर माडीवर जातात, गोठ्याकडे जातात, अंगणात फिरतात. घरभर वावरण्याचा अधिकार त्यांचा आहे. दोघी स्त्रिया चुलीपाशी राहतात, आणि प्रेक्षकालाही त्यांच्याबरोबरच राहावे लागते. पुरुष जेथे पुरावा शोधतात तेथे त्याला जाता येत नाही. ज्याला ते क्षुल्लक म्हणून हसतात, ती फुटलेली मुरंब्याची बरणी, अर्धवट राहिलेले काम, वेडेवाकडे टाके, हेच त्याच्या डोळ्यांपुढे राहते. आरोपी मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. स्त्री-पुरुषांच्या कामाची वाटणी येथे कोणी बोलून दाखवीत नाही, ती पात्रांच्या हालचालींतून दिसते. मान मुरगळलेला पक्षी पेटीत सापडतो तेव्हा निष्कर्ष प्रेक्षकालाच काढावा लागतो. त्याच्यासाठी तो काढणारा निवेदक नाटकात नाही.

कथेत हे सामर्थ्य गमावले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिची सुरुवातच दुसरीकडे होते. ती मार्था हेलच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उघडते; पीठ अर्धे चाळलेले, अर्धे तसेच, आणि बाहेर गाडी उभी. दुसऱ्याच्या घरातील अर्धवट काम पाहून जिला पुढे अर्थ लागणार आहे, तिला आपलेही काम अर्धवट टाकून यावे लागले आहे. मिनीचा उंबरा ओलांडताना ती थबकते, कारण इतकी वर्षे तो तिने ओलांडलेला नाही. नाटकातही ही टोचणी संवादांत येते. परंतु तेथे ती एक उद्गार असते, कथेत ती पायापासूनची भिंत होते. नाटकाचा आरोप मुख्यतः पुरुषांच्या आंधळेपणावर आहे. कथेत आरोपीच्या पिंजऱ्यात शेजारीणही उभी राहते. मिसेस पीटर्सचेही तसेच. ती शेरीफची बायको दिसत नाही, हे मार्थाच्या मनात कथेच्या आरंभीच येते, आणि कायद्याशी विवाहबद्ध मानलेली ही अबोल स्त्री शेवटी पेटी लपवू पाहते तेव्हा त्या निरीक्षणाला अर्थ येतो. माझ्या मते गुन्ह्याच्या शोधासाठी नाटक श्रेष्ठ आहे, आणि निवाड्यासाठी कथा. शीर्षकही त्याप्रमाणेच बदलले : ‘ट्रायफल्स’ हा पुरुषांच्या तोंडचा शब्द, तर दुसरे शीर्षक हा कायद्यातला हक्क. आरोपीचा निवाडा तिच्या बरोबरीच्या माणसांनी करावा, हे तत्त्व. आणि कथा छापली गेली तेव्हा आयोवात स्त्रीला पंच म्हणून बसता येत नव्हते.

येथे आपल्या वाचकाची एक अडचण सांगितली पाहिजे. साऱ्या रहस्याची गुरुकिल्ली गोधडीच्या एका पारिभाषिक शब्दात आहे. मिनी गोधडीचे थर टाके घालून शिवणार होती की जागोजाग गाठी मारून बांधणार होती, या प्रश्नावर पुरुष हसतात. आणि शेवटी वकिलाच्या थट्टेला मिसेस हेल उत्तर देते ते गाठीचे, खिशातील पेटीवर हात ठेवून. आपली वाकळ धावदोऱ्याने आरपार शिवतात. गाठींनी बांधलेली गोधडी आपल्या डोळ्यांपुढे सहज येत नाही. विद्यार्थी म्हणूनच त्या वाक्यावरून पुढे निघून जातो. त्याला गळफासाची आठवण करून द्यावी लागते. थंडीने बरण्या फुटणे हेही अकोल्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्यास शब्दानेच समजावयाचे. मिनीचा एकलेपणा कोसभर अंतरावरील घरांचा आहे. आपल्याकडे भिंतीला भिंत लागलेली असते. म्हणून वऱ्हाडातील स्त्रीचे एकलेपण दुसऱ्या जातीचे होते, आणि त्याची साक्ष ताराबाईंनीच दिली आहे. मराठमोळ्याच्या रीतीत आपण घरात कोंडल्या गेलो आहोत, असे त्यांनी प्रारंभीच सांगितले.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावण्यात आली. अपिलात ती टळून काळे पाणी झाले. ‘पुणे वैभव’ पत्राने या निमित्ताने स्त्रीजातीवर केलेली टीका हे ‘तुलने’चे तात्कालिक कारण. ताराबाई विजयालक्ष्मीस निर्दोष म्हणत नाहीत, जशी ग्लास्पेलही मिनीस म्हणत नाही. त्या एकेक दुर्गुण घेऊन तो स्त्रीत अधिक की पुरुषांत, असे विचारीत जातात; म्हणजे आरोपपत्र तेच ठेवून पिंजऱ्यातील व्यक्ती बदलतात. विशेष हे की, त्यांनी ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या आणि ‘स्त्रीचरित्रा’तील गोष्टी यांनाही साक्षीस बोलावले. नाटककाराने व कथाकाराने स्त्री कशी रंगविली, याची झडती वऱ्हाडातील एक वाचिका १८८२ साली घेत होती, ही गोष्ट आपल्या समीक्षेच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

पंचांचा प्रश्न आपल्याकडेही तसाच होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१९ व्या कलमाने ज्यूरर वा असेसर म्हणून बसण्याचे दायित्व एकवीस ते साठ वर्षांच्या ‘पुरुषां’वर टाकले होते. १९७३ च्या संहितेत ज्यूरीची तरतूदच उरली नाही.

पुरावा लपविणे हा न्याय कसा, असा आक्षेप वर्गात नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मिनी सुटेल, पण तिने काय सोसले हे कोणत्याही दप्तरात येणार नाही. ती पेटी मार्थाच्या खिशातच राहील. नाटकात हा आक्षेप तीव्र होतो, कारण पडदा तेथेच पडतो. कथेत मार्थाचे मन आपण आतून पाहिले असल्याने तो सौम्य होतो. ताराबाईंनी याच्या उलट केले. त्यांनी काहीच लपविले नाही, नऊ आणे किंमत ठेवून पाचशे प्रती छापल्या. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘तुलना’ पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ती जवळजवळ विस्मृतीत पडून होती.