जुन्या पत्रांचें वाचन

नाशिकास गोदावरीच्या कांठीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं नामावळीच्या वह्या जतन केलेल्या असतात. यात्रेकरू आपलें, बापाचें व आजाचें नांव, गोत्र, गांव आणि बरोबरच्या माणसांची नांवें स्वहस्तानें लिहून जातो. पुढें केव्हांतरी त्याचा नातू आला म्हणजे उपाध्याय तेंच पान उघडून त्याच्यापुढें ठेवतो. आजोबांचें अक्षर नातवास दिसतें, पण पुष्कळदां तें त्याला वाचतां येत नाहीं. कारण तें मोडी असतें. घरोघरच्या जुन्या पत्रांचीही हीच गत आहे. रुमालांत बांधलेले कागद दोन पिढ्या माळ्यावर राहतात, आणि तिसऱ्या पिढींत रद्दीवाल्याकडे जातात किंवा गंगार्पण होतात. कागद वाळवीनें खाल्ले, असें आपण सहज म्हणतों; वाळवीच्या आधीं त्यांना अज्ञानानें खाल्लेलें असतें.

मोडी ही बोरूची लिपी. लिहिणारा आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें त्या रेघेस टांगीत जाई. शब्दांमध्यें जागा नाहीं, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. समजा, एका ओळींत 'पैकानदीपारगेला' असें आहे. उतावळा वाचक 'पैका न' येथेंच अडेल आणि पैका दिलाच नाहीं असें समजून बसेल. वस्तुतः पैका नदीपार पोंचलेला आहे! यांत लेखकाचा दोष कांहीं नाहीं. ज्याला पत्र जावयाचें त्याला निम्मा मजकूर आधींच ठाऊक असे. दोनशें वर्षांनीं तिसराच कोणी तें वाचील, हें त्याच्या मनांतही नव्हतें.

अशा पत्राची किल्ली पत्रांतच असते. आरंभींचा 'श्री', वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', येथील क्षेम कळवून तिकडील कुशल विचारणें, शेवटीं 'बहुत काय लिहिणें', हा सारा मायना ठरलेला. त्यांत नवीन कांहीं नसतें, म्हणून नवशिका तो सोडून देतो आणि थेट मजकुरास हात घालतो. मुरलेला वाचक उलट करतो. शब्द आधींच पाठ असल्यामुळें या हाताचा 'र' कसा वळतो, 'त' आणि 'न' कोठें वेगळे होतात, हें तो मायन्यांतूनच टिपून घेतो. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'मौ॥' म्हणजे मौजे. पुढचे दोन दंड संक्षेपाची खूण आहेत, काना नव्हे. आणखी एक सावधगिरी हवी. पुष्कळ पत्रांत मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटची ओळ तेवढी धन्याची असते. तेव्हां एकाच कागदावर दोन हात ओळखावे लागतात.

तिथीचें प्रकरण निराळें. 'अर्बा सबैन मया व अलफ' हे अरबी आंकडे आहेत: चार, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७४. हा शुहूर सन मृगापासून चालूं होतो. मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ आणि तेथून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. ११७४ च्या पावसाळ्यांतील पत्र १७७३ चें ठरतें.

त्याच पावसाळ्यांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनीं 'धरावें' याचें 'मारावें' केलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. नाशिकजवळच्या आनंदवल्लीस, जेथें त्या १७९४ सालीं वारल्या, आजही 'ध चा मा' निघाल्यावांचून राहत नाहीं. पण तशी खाडाखोड केलेलें पत्र कोणाच्या हातीं आलेलें नाहीं. न वाचलेल्या एका अक्षरावर एका बाईची कीर्ति कायमची बांधली गेली! त्याच परिसरांतील गंगापुरास नारायणरावांच्या मातोश्री गोपिकाबाई राहत. नातू सवाई माधवरावांस त्यांनीं लिहून पाठविलेला उपदेश उपलब्ध आहे. आजीनें नातवास रोजचें वागणें शिकविलेला तो कागद कितीजणांस ठाऊक आहे?

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ त 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापावयास घेतला, आणि १८९८ त राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड निघाला. त्या पिढीला मोडी अंगवळणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली. २०१४ सालीं संगणकाच्या युनिकोडांत तिला जागा मिळाली, आणि राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे तिचे वर्गही भरतात. परंतु घरच्या पत्रांतील माणसें घरच्यांसच ओळखावीं लागतात.

म्हणून नक्कल ओळीस ओळ धरून वेगळ्या कागदावर करावी आणि न लागलेलें अक्षर कोरें सोडावें. अंदाजानें भरलेलें अक्षर पुढच्या नकलेंत पुरावा होऊन बसतें. 'चिरंजीव' या शब्दापुढचें नांव कांहीं केल्या लागत नसेल, तर नाशिकास जाऊन आपल्या कुळाची नामावळी पाहावी. घाईच्या पत्रांत चुरगळलेलें तेंच नांव तेथें यात्रेच्या दिवशीं, सावकाश, पुरतें लिहिलेलें सांपडण्याचा संभव आहे.